सर्व्हरची मेमरी वाढवली आणि डोकेदुखी विकत घेतली

पूर्वी पेढीवर लाल कापडात बांधलेली वही असे. तिला वाळवी लागे, पावसात ओल लागे, पण एक गोष्ट बरी होती. पान खराब झाले की ते डोळ्यांना दिसत असे. आता बऱ्याच व्यापाऱ्यांची वही, कापडाची डिझाइने, जीएसटीची बिले आणि दुकानातल्या कॅमेऱ्याचे चित्रण हे सर्व एका लहानशा पेटीत जाऊन बसले आहे. कोपऱ्यात वायरीला जोडलेली ही पेटी दोन-चार हार्डडिस्क पोटात घेऊन चोवीस तास चालू असते आणि पेढीवरच्या सर्व संगणकांना एकाच जागेवरून फाइली पुरवते. बाजारात तिला ‘नॅस’ म्हणतात, आपण तिला साठवणीचा सर्व्हर म्हणू. या पेटीतले पान खराब झाले तर ते दिसत नाही. ज्या दिवशी गरज पडते, त्या दिवशीच कळते.

संगणकाचे शिक्षण आम्ही घेतलेले नाही. जे शिकलो ते नुकसान सोसून शिकलो. तेच नुकसान दुसऱ्या व्यापारी बंधूंना होऊ नये, म्हणून हा लेख.

काय घडले

२०२३ च्या पावसाळ्यात आमच्या पेढीवरचा सर्व्हर संथ चालू लागला. डिझाइनची मोठी फाइल उघडायला इतका वेळ लागे की कारागीर चहा पिऊन परत येई. एका ओळखीच्या माणसाने सांगितले, ‘मेमरी कमी पडते, वाढवून घ्या.’ पेटीत ४ जीबी मेमरी कायमची बसवलेली होती आणि एक स्लॉट रिकामा होता. आम्ही बाजारातून १६ जीबीची एक वापरलेली रॅम स्वस्तात घेतली. पावती घेतली नाही. बसवली, पेटी सुरू झाली, पडद्यावर वाढलेली मेमरी दिसली. आम्ही खूश झालो.

तिसऱ्या दिवशी सर्व्हर आपोआप बंद होऊन पुन्हा चालू झाला. आम्ही विजेला दोष दिला. आठवड्यात असे चार वेळा झाले. महिनाअखेरीस एका पॉवरलूमवाल्या भावाचा जॉबचा हिशेब करायला बसलो, तर त्याच्या खात्याची फाइल उघडेना. बॅकअपची प्रत काढली, तीही उघडेना. तो म्हणाला, ‘सेठ, माझे ३८ तागे झाले.’ आमच्या आठवणीत ३२ होते. आवाज थोडा चढला. मग त्याने खिशातून चलनाच्या चुरगळलेल्या चिठ्ठ्या काढल्या आणि एक-एक करून टेबलावर मांडल्या. ३८ बरोबर होते. सहा ताग्यांची मजुरी आम्ही, नकळत का होईना, बुडवणार होतो. त्याच्याकडे कागद नसता तर आमचा शब्द मोठा ठरला असता आणि त्याची मेहनत खोटी. त्या दिवशी मजुरी दिली, माफी मागितली आणि ठरवले की या पेटीत नक्की काय बिघडले ते समजून घेतल्याशिवाय राहायचे नाही.

मेमरी करते काय

हार्डडिस्क म्हणजे गोदाम आणि मेमरी म्हणजे माल मोजायचे टेबल. गोदामात जाणारा आणि गोदामातून येणारा प्रत्येक तागा या टेबलावरून जातो. टेबल लहान असेल तर काम रेंगाळते. पण टेबलावरची मोजपट्टीच खोटी असेल तर गोदामात चुकीचा माल चुकीच्या मोजाने जाऊन पडतो आणि गोदामाला त्याचा पत्ताही लागत नाही.

‘आमच्याकडे दोन डिस्क आहेत, एक गेली तरी दुसरी आहे,’ असे पुष्कळ लोक सांगतात. या व्यवस्थेला रेड म्हणतात. रेड डिस्क मेल्यावर उपयोगी पडते. मेमरीने बिघडवलेली फाइल मात्र रेड दोन्ही डिस्कवर इमानदारीने लिहिते. रात्री बॅकअप होतो तेव्हा तीच खराब फाइल चांगल्या जुन्या प्रतीवर चढते. आमचे झाले ते नेमके हेच.

असे क्वचितच घडते, असेही समजू नये. २००९ साली टोरंटो विद्यापीठ आणि गूगलच्या संशोधकांनी गूगलच्या सर्व्हरांवरील मेमरीचा सुमारे अडीच वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात वर्षभरात ८ टक्क्यांहून जास्त मेमरी मॉड्यूलांमध्ये चुका आढळल्या. त्या सर्व्हरांत चूक पकडणारी मेमरी होती, म्हणून मोजता तरी आल्या. आपल्या साध्या पेटीत तीही सोय बहुधा नसते.

खरेदीआधी रॅमचे लेबल वाचा

कापड घेताना आपण पन्हा, काउंट आणि वजन पाहतो. रॅम घेताना मात्र फक्त ‘किती जीबी’ एवढेच विचारतो. चूक इथूनच सुरू होते. पाच गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट पिढी. डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ या वेगवेगळ्या पिढ्या आहेत. प्रत्येकीची खाच वेगळ्या ठिकाणी असते, म्हणून एकीच्या स्लॉटमध्ये दुसरी बसत नाही. बसत नसेल तर जोर लावू नये. व्होल्टही वेगळे आहेत. डीडीआर३ ला १.५, डीडीआर४ ला १.२ आणि डीडीआर५ ला १.१ व्होल्ट लागतात. डीडीआर३ चाच एक कमी विजेचा प्रकार १.३५ व्होल्टचा आहे आणि त्याला डीडीआर३एल म्हणतात. हे दोन्ही एकाच खाचेत बसतात. जी पेटी फक्त एल प्रकार मागते, तिच्यात साधी डीडीआर३ घातली तर ती सुरू होत नाही किंवा भरवशाने चालत नाही. लेबलावर ‘पीसी३’ आणि ‘पीसी३एल’ असा फरक छापलेला असतो, तो नजरेने पकडावा.

दुसरी गोष्ट आकार. लहान पेट्यांत बहुतेक लॅपटॉपची आखूड रॅम लागते, तिला सोडिम म्हणतात. मोठ्या पेटीत लांब रॅम लागते.

तिसरी गोष्ट जात. ईसीसी मेमरीत दर ६४ बिटांमागे ८ बिट तपासणीचे असतात. एक बिट चुकला तर ती स्वतः दुरुस्त करते, दोन चुकले तर सांगते. पण प्रोसेसर आणि बोर्ड दोघांनीही साथ दिली तरच तिचा उपयोग होतो. तिच्यातही रजिस्टर्ड आणि अनबफर्ड असे दोन प्रकार आहेत. मोठ्या कंपन्यांच्या भंगारात निघालेल्या सर्व्हरांची रजिस्टर्ड रॅम फार स्वस्त मिळते आणि लोक तिथेच फसतात. उदाहरण द्यायचे तर एचपीचा मायक्रोसर्व्हर जेन८ घ्या. त्यात दोन स्लॉट आहेत, जास्तीत जास्त १६ जीबी चालते आणि ती अनबफर्ड ईसीसी लागते. रजिस्टर्ड डीडीआर३ त्याच स्लॉटमध्ये बरोबर बसते, पण यंत्र सुरू होत नाही. बसते म्हणजे चालते असे नव्हे. किल्ली कुलपात गेली म्हणून कुलूप उघडेलच असे नसते.

चौथी गोष्ट मर्यादा. इंटेलचा सेलेरॉन जे४१२५ हा प्रोसेसर पुष्कळ घरगुती पेट्यांत आहे. कंपनी त्याची मर्यादा ८ जीबी सांगते. लोक त्यापेक्षा जास्त घालतात आणि पुष्कळदा चालतेही. पण तो आपल्या जबाबदारीचा सौदा आहे. तक्रार झाली तर कंपनी हात वर करणार.

पाचवी गोष्ट चिपांची मांडणी. लेबलावर ‘१आरएक्स८’ किंवा ‘२आरएक्स८’ असे लिहिलेले असते. पहिला आकडा रँकचा आणि शेवटचा चिपच्या रुंदीचा. काही जुने बोर्ड दाट चिपांची रॅम ओळखत नाहीत. तेवढ्याच जीबीची पण जास्त चिपा असलेली रॅम ते ओळखतात. म्हणून पेटीच्या कंपनीने दिलेली चालणाऱ्या रॅमची यादी आधी पाहावी.

वेगाची फार चिंता नको. जास्त वेगाची रॅम बहुधा कमी वेगावर उतरून चालते. दोन वेगळ्या वेगांच्या रॅम एकत्र असतील तर दोन्ही हळू रॅमच्या चालीने चालतात.

बसवण्याची रीत

सर्वात आधी बॅकअप घ्या. तो दुसऱ्या डिस्कवर घ्या, त्यातल्या चार-पाच फाइली उघडून पाहा आणि मग ती डिस्क काढून कपाटात ठेवा. उघडून न पाहिलेला बॅकअप म्हणजे न मोजता घेतलेल्या नोटा.

मग सर्व्हर त्याच्या पडद्यावरच्या बटणाने रीतसर बंद करा, वीज ओढून घ्या, केबल काढा आणि पाच मिनिटे थांबा. कपड्यांच्या घासण्याने अंगात स्थिर वीज साचते, हे कापडवाल्यांना सांगायला नको. सिंथेटिक मालाचा गठ्ठा सोडताना चटका बसतो, तीच ही वीज. तुम्हाला न जाणवणारा चटकाही चिप मारू शकतो. म्हणून आधी रंग नसलेल्या, जमिनीशी जोडलेल्या लोखंडाला हात लावा. रॅम कडेने धरा, सोनेरी दातांना बोट लावू नका.

लॅपटॉपची रॅम तिरकी आत सरकवायची असते. सोनेरी दात जवळजवळ दिसेनासे होईपर्यंत ती आत जाऊ द्या, मग खाली दाबा. दोन्ही बाजूंच्या क्लिपा ‘टक्’ करून लागल्या पाहिजेत. मागांच्या गावात कापसाचा बारीक तूस सगळीकडे उडतो. तो स्लॉटमध्ये बसला तर रॅम पूर्ण टेकत नाही. आमच्या पेटीत बोटभर तूस निघाला. तो मऊ ब्रशने काढावा. दात काळवंडले असतील तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्यावेत.

लक्षण पाहून इलाज

आता मुख्य मुद्दा. रॅम बसवली आणि बिघाड आला. घाबरून एकाच वेळी चार गोष्टी बदलू नका. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि काय झाले ते कागदावर लिहा.

पेटी सुरूच होत नाही, दिवा लुकलुकत राहतो, नेहमीची बीप येत नाही. अशा वेळी आधी दहा मिनिटे थांबा. नवी रॅम आली की बोर्ड तिची ओळख करून घेतो. डीडीआर५ मध्ये या पहिल्या ओळखीला काही मिनिटे लागू शकतात. तरीही सुरू न झाल्यास वीज काढून रॅम पुन्हा बसवा. तरीही नाही, तर नवी रॅम काढून जुन्या स्थितीत सुरू करा. जुन्या स्थितीत सुरू झाली म्हणजे पेटी ठीक आहे. दोष रॅमचा, तिच्या प्रकाराचा किंवा त्या स्लॉटचा. जुन्या स्थितीतही सुरू होत नसेल तर काम करताना काही हलले असेल. डिस्कचे कप्पे आणि वायरी तपासा. ज्यांच्या बोर्डावर नाण्यासारखी बॅटरी आहे, त्यांनी माहितीपुस्तिकेत दिल्याप्रमाणे जुनी सेटिंग पुसून पाहावी.

पेटी सुरू होते, पण मेमरी जुनीच दिसते. रॅम नीट टेकली नसेल, नाहीतर बोर्डाला ती ओळखता येत नसेल. पुन्हा बसवा, पेटीचे सॉफ्टवेअर अद्ययावत करा, मग कंपनीच्या यादीशी मेळ घाला. ८ जीबीच्या जागी थोडी कमी, ७.७ वगैरे दिसत असेल तर तो बिघाड नाही. चित्र दाखवण्याच्या कामासाठी प्रोसेसर थोडी मेमरी बाजूला ठेवतो.

‘ही मेमरी मान्यताप्राप्त नाही’ अशी सूचना येते. काही कंपन्या दुसऱ्याची रॅम पाहिली की असे लिहितात. त्याचा अर्थ रॅम खराब आहे असा नव्हे. पण वॉरंटीच्या अटी वाचून मगच पुढे जा.

पेटी चालते, पण मधूनच बंद पडते, फाइली खराब होतात. हे सर्वात वाईट लक्षण, कारण पेटी चालू असते आणि आपण बेफिकीर असतो. इथे एकच नियम लक्षात ठेवा. नवी रॅम त्याच दिवशी काढा. खराब मेमरीवर सर्व्हर चालू ठेवून डिस्कची दुरुस्ती, स्क्रबिंग किंवा रेडची पुनर्बांधणी करू नका. खोट्या मोजपट्टीने सगळे गोदाम पुन्हा मोजण्यासारखे ते आहे. आधी मोजपट्टी बदला.

रॅमची परीक्षा

आमच्या भाच्याला वाटले की १६ जीबी मर्यादेबाहेर आहे, म्हणूनच सर्व बिघडले. आम्हालाही पटले होते. पण तो म्हणाला, ‘मामू, अंदाजावर कशाला जायचे? तपासून पाहू.’ आमच्या पेटीला पडदा जोडता येत नाही. म्हणून त्याने ती रॅम त्याच पिढीच्या लॅपटॉपमध्ये एकटीच बसवली आणि पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ चालवले. हा प्रोग्रॅम विंडोजशिवाय स्वतःच सुरू होतो, मेमरीच्या प्रत्येक घरात ठरावीक आकडे लिहितो आणि परत वाचतो. लिहिलेले आणि वाचलेले जुळले नाही की लाल ओळ येते. त्याची मोफत आवृत्ती आहे. ती चार फेऱ्या करते. मेमटेस्ट८६+ नावाचा दुसरा मोफत प्रोग्रॅमही आहे.

पहिल्या दोन फेऱ्या स्वच्छ गेल्या. आम्ही झोपायला गेलो. सकाळी पडद्यावर लाल ओळी होत्या. तिसऱ्या फेरीत रॅम चुकली होती. म्हणजे प्रश्न मर्यादेचा होता की नाही ते बाजूला राहिले. मालच सदोष होता. दहा मिनिटे तपासून ‘ठीक आहे’ म्हटले असते तर आम्ही पेटीला दोष देत राहिलो असतो. म्हणून परीक्षा रात्रभर चालू द्यावी. एकही चूक आली तरी ती रॅम वहीच्या कामाला नालायक समजावी. एखादी चूक चालून जाईल, असे म्हणू नये. दोन रॅम असतील तर एक-एक वेगळी तपासा, मग दोन्ही एकत्र. वेगवेगळ्या ठीक पण एकत्र चुकत असतील तर त्यांचे आपसात जमत नाही.

मग आम्ही कंपनीच्या यादीतली ४ जीबीची नवी रॅम पावतीसह घेतली. तिचीही रात्रभर परीक्षा केली आणि मगच बसवली. नंतर डिस्कची तपासणी चालवली. ज्या काळात खराब रॅम पेटीत होती, त्या काळातल्या सर्व फाइलींची यादी काढली आणि एकेक उघडून पाहिली. चार फाइली गेल्या होत्या. खात्याची फाइल चिठ्ठ्यांवरून पुन्हा लिहिली. इतर तीन डिझाइने होती, ती कारागिराने नव्याने काढली.

मेमरीची खरेच गरज होती का?

आता शेवटची आणि थोडी लाजिरवाणी गोष्ट. नवी रॅम बसली, सर्व्हर न पडता चालू लागला, पण वेग जवळजवळ तेवढाच राहिला. भाच्याने तपासले तेव्हा कळले की पेढीवरचा जुना नेटवर्क स्विच १०० मेगाबिटचा होता. त्यातून सेकंदाला फार तर १२ मेगाबाइट माल जातो. एक गिगाबिटच्या स्विचमधून ११० च्या आसपास जातो. रस्ताच अरुंद होता आणि आम्ही गोदामातले टेबल मोठे करत बसलो होतो. स्विच बदलला आणि डिझाइने झटपट उघडू लागली.

म्हणून खर्चाआधी सर्व्हरच्या पडद्यावर दोन आकडे पाहा. ‘मेमरी ९० टक्के भरली’ एवढ्याने घाबरू नका. रिकामी मेमरी सर्व्हर नेहमीच्या फाइली हाताशी ठेवायला वापरतो. टेबल रिकामे ठेवण्यापेक्षा त्यावर चालू माल मांडलेला बरा. खरा आकडा स्वॅपचा. मेमरी पुरेनाशी झाली की सर्व्हर डिस्कचा कोपरा मेमरीसारखा वापरतो, त्याला स्वॅप म्हणतात. कामाच्या वेळी स्वॅपची ये-जा सतत चालू असेल तर मेमरी खरेच कमी आहे. स्वॅप शांत असेल तर स्विच, केबल आणि डिस्क तपासा.

व्यापाऱ्याने काय करावे

जीएसटी कायद्याप्रमाणे वह्या आणि नोंदी त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळाव्या लागतात. सरकारी अधिकाऱ्यासमोर ‘रॅम खराब होती’ हे उत्तर चालत नाही. म्हणून तीन प्रती ठेवा, दोन वेगवेगळ्या साधनांवर, त्यातली एक पेढीबाहेर. बॅकअप असा लावा की जुन्या तारखांच्या प्रतीही राहतील. आमच्यासारखी एकच प्रत रोज पुसली जाऊ नये. वापरलेली रॅम घ्यायचीच असेल तर परत घेण्याच्या लेखी अटीवर घ्या, आणि रात्रभराच्या परीक्षेशिवाय बसवू नका.

आणि एक शेवटचे. वहीत फक्त आपले पैसे नसतात. त्यात मागावर उभ्या असलेल्या माणसाची मजुरी असते, ती आपल्याकडे त्याची अमानत आहे. आमच्या पेढीवर आता दर शनिवारी प्रत्येक जॉबवाल्याला त्याच्या खात्याचा छापील कागद देतो आणि दोघांच्या सह्या घेतो. त्या पॉवरलूमवाल्या भावाने पहिला कागद मिळाला तेव्हा तो दोनदा वाचला, घडी घातली आणि चिठ्ठ्यांच्याच खिशात ठेवला. चिठ्ठ्या मात्र त्याने अजून टाकलेल्या नाहीत. आम्हीही त्याला टाकायला सांगत नाही.